उपाशीपोटी

पावणेसहाला मी धनकवडीत असते, बर्फाची पेटी पायांशी.
स्कूटरच्या उजेडात कुत्री उठून वाट देतात
आणि परत तिथेच वेटोळं करतात.

मला हे शहर रस्त्यांवरून कमी, हातांवरून जास्त कळतं.
सहकारनगर दोन, तिसरा मजला, लिफ्ट बंद:
नलिनीताई ढवळीकर. उजव्या हाताकडे बघायचंसुद्धा नाही.
डावा, मनगटाच्या चार बोटं वर,
तीही शीर गरम पाण्याच्या पिशवीशिवाय वर येत नाही.
पद्मावतीचे गुंड मास्तर सुई दिसली की पाढा म्हणतात,
एकोणतीसचा.
एकोणतीस चोकला पोचेपर्यंत नळी भरलेली असते.

रायपूरहून पत्र आलंय. म्हणजे मेलच,
पण मी प्रिंट काढली, म्हणून पत्र.
नवी शाखा. माझ्या नावापुढे 'इन्चार्ज'.
पगाराचा आकडा मी अजून घरात मोठ्याने वाचलेला नाही.
सुधन्वा म्हणतो, तू म्हणशील तसं.
सोळा वर्षांत हे वाक्य त्याने एकदा पडद्यांच्या रंगाला वापरलं
आणि आता ह्याला.
मला भांडायला कोणीतरी हवं होतं.

आईने फोनवर विचारलं, तिकडे डाळ कसली खातात?
मला माहीत नाही. मला तिथलं फक्त तापमान माहीत आहे.
मोबाईलच्या हवामानात, पुण्याच्या खाली,
पंधरा दिवस झाले, रायपूर टाकून ठेवलंय.
काल एकतीस होतं, आभाळ स्वच्छ.
त्या आभाळाखालची
एकही शीर मी ओळखत नाही.

रात्री वीजबिलाच्या मागे मधोमध रेघ मारली.
डावीकडे लिहिलं: दर अकरा महिन्यांनी
घरमालकांपुढे नव्याने हसणं.
उजवीकडे काय लिहावं सुचेना,
म्हणून लिहिलं, तळजाई.
तळजाईवर मी वर्षातून दोनदा जाते.
खोडलं. मग खोडल्याचं वाईट वाटून परत लिहिलं.
सकाळी बघते तर अन्वयने त्याच कागदावर
लसावि काढलेला.
रेघ त्याच्या कामी आली होती.

मंगळवारी लॅबने एक मुलगा सोबत दिला, शिकायला.
सोहेल मुजावर, तासगावचा, पुण्यातला नववा दिवस.
मागच्या सीटवरून विचारतो, मॅडम,
इथे करमायला किती दिवस लागतात?
मी म्हटलं, पेटी नीट धर.
सिन्नरहून आले तेव्हा मी सहा महिने
कात्रजच्या बसला उलट्या बाजूने उभी राहत होते,
हे त्याला कशाला सांगू.

नलिनीताईंकडे त्यालाच पुढे केलं.
आधी मांजराची चौकशी कर, मी कानात म्हटलं,
नाव दमयंती. मग पिशवी. मग डावा.
'मूठ आवळा,' तो म्हणाला, आवाज जरा कापत.
शीर आली. नळीत रक्त चढलं,
आणि 'सोडा' म्हणायचं तो विसरला.
ताई मूठ तशीच धरून, माझ्याकडे बघत.
मी म्हटलं, सोडा.
पुढच्या महिन्यात हाच येणार का, त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, हात हलका आहे त्याचा.

मग जिन्यात मी थांबेचना.
वैशंपायनांची बेल वाजवायची नाही, बाळ झोपलेलं असतं,
दारावर नुसती बोटं.
गुंड मास्तर अडले तर पुढचं आपण म्हणायचं,
एकोणतीसचा पाढा पाठ कर.
गेट नंबर दोनचा वॉचमन ओळख दाखवत नाही, मनावर घेऊ नकोस,
तो मलाही आठ वर्षं दाखवत नाहीये.
तो पावतीच्या पाठीवर भराभर उतरवत होता,
आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर माझ्या लक्षात आलं
मी काय करतेय ते.

कठड्याला हात लावून थोडी उभी राहिले.
बाकी काही झालं नाही.

खाली सहा चाळीस. अजून चार घरं,
चहा त्यानंतर.
सोहेल पावती उजेडाकडे धरून विचारत होता,
मॅडम, दमयंतीमधली ती दीर्घ ना?